250 रुपयांचं किट आणि सात दिवसांचा खाडा

सर्दी झालेल्या बाईने पोळ्या लाटाव्यात की नाही, हा प्रश्न कोरोनाच्या आधी, म्हणजे 2020 च्या आधी, मला कुणी विचारला नव्हता. सुंठ-गुळाची गोळी तोंडात, पदर नाकाला, आणि लाटणं चालू. आता कुणी शिंकलं की गॅस बंद करून सगळे एकमेकांकडे बघत उभे राहतात.

पुण्यात कर्वेनगरात माझं पोळीभाजी केंद्र आहे. मोठं काही नाही. दोन मावशी पोळ्यांना, भाजी-आमटी माझ्याकडे, एक मुलगा दुचाकीवर डबे पोचवतो. केंद्राच्या वरच्याच मजल्यावर आम्ही राहतो. सासूबाई 78 वर्षांच्या, मधुमेही. गिऱ्हाईक दोन तऱ्हेचं: खोली करून राहणारी कॉलेजची पोरं, आणि ज्यांची पोरं परदेशात आहेत असे आजी-आजोबा. म्हणजे आमच्याकडून कोरोना बाहेर जायचा तर तो थेट पंचाहत्तरीच्या पुढच्या घरांत जाणार. 2022 च्या जानेवारीत कोरोनाचा ओमायक्रॉन हा प्रकार आला आणि गल्लीत घरोघर घसे धरले. टेस्ट करायचे जेवढे मार्ग आमच्या भागात आहेत ते सगळे त्या महिन्यात वापरून झाले: केमिस्टकडचं घरी करायचं किट, खासगी लॅबचा माणूस घरी बोलावणं, आणि महापालिकेच्या केंद्रावरची रांग. त्या तिन्हींबद्दल हे लिहिते आहे. हे लिहिलं तेव्हा फेब्रुवारी 2022 चा पहिला आठवडा होता. दर आणि नियम तेव्हाचे आहेत, आजचे नाहीत. आम्ही वापरलेल्या किटचं आणि लॅबचं नाव देत नाही. केमिस्टकडे ज्या दिवशी जे होतं ते आणलं, आणि आतला माल सगळ्यांचा जवळपास सारखाच असतो.

आधी किट. शोधायला तेव्हा काही लागत नव्हतं. डिसेंबरपर्यंत धूळ खात पडलेली खोकी जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात दोन-तीन दिवस गायब झाली, मग पुन्हा आली. किंमत तेव्हा 250 च्या आसपास, एखाद्या कंपनीचं सव्वातीनशेला. घेताना मुदत बघा आणि खोक्यावरचं तापमान वाचा. 2 ते 30 अंश लिहिलेलं असतं. जानेवारीत ठीक आहे, पण मे महिन्यात पुण्यातलं कुठलं औषधाचं दुकान तीसच्या खाली असतं? ज्याच्याकडे एसी चालू असतो त्याच्याकडूनच घ्यायचं, एवढं मी ठरवलं आहे.

केमिस्टदादांनी एक गंमत सांगितली. किट मागणारी निम्मी माणसं आधी एकच विचारतात, "नाव लिहावं लागेल का?" मुंबई महापालिकेने जानेवारीत किटविक्रीची नोंद ठेवायला सांगितली, ती बातमी सगळ्यांनी वाचलेली. दादा म्हणाले, "वहिनी, ताप लपवायलाच लोक किट नेतात. पॉझिटिव्ह आलं तर कुणाला कळायला नको म्हणून." मला तेव्हा ते जरा जास्तच वाटलं. नंतर नाही वाटलं.

खोक्यात काय असतं: द्रव भरलेली छोटी नळी, वेष्टनातली काडी, टेस्टची पट्टी, वापरलेलं टाकायची पिशवी आणि माहितीचा कागद. लॅबवाले काडी जशी खोल घालतात तशी इथे घालायची नाही. दोन ते चार सेंटिमीटर आत, दोन्ही नाकपुड्यांत, प्रत्येकीत पाच वेळा गोल फिरवायची. मग नळीत बुडवून घुसळायची, काडी तिथेच मोडायची, झाकण लावायचं आणि पट्टीवर दोन थेंब टाकायचे. पंधरा मिनिटं थांबायचं. वीस मिनिटांनंतर जे दिसेल ते धरायचं नाही. हे शेवटचं वाक्य कागदावर बारीक अक्षरात आहे, ते खरं तर खोक्यावर मोठ्या अक्षरात हवं. आमच्या डबेवाल्या मुलाने पट्टी ओट्यावर ठेवली, एक फेरी मारून आला आणि तासाभराने आलेली फिकट रेघ बघून रडकुंडीला आला. ती टेस्ट धरायचीच नव्हती. दुसरं किट काढलं, शेजारी बसून केलं, एकच रेघ.

रेघांचं असं: सी जवळची रेघ आली म्हणजे किट चाललं. तिच्याबरोबर टी जवळ दुसरी आली म्हणजे पॉझिटिव्ह, कितीही फिकट असली तरी. सी जवळ काहीच नाही तर किट वाया. धाकट्या मावशींना हे समजावत होते तर थोरल्या पीठ मळता मळता म्हणाल्या, "दोन रेघांना आमच्याकडे पेढे वाटतात, ताई."

काडी घातली की शिंक येतेच. म्हणून करणाऱ्याने खिडकीकडे तोंड करून बसावं आणि बाकीच्यांनी पाठीमागे. आम्ही हे केंद्राच्या ओट्यावर केलंच नाही, जिन्याखाली स्टूल ठेवून केलं. स्वतःची काडी स्वतः फिरवणं सोपं आहे, दुसऱ्याची फिरवणं कठीण. सासूबाईंना स्वतःला जमेना आणि माझा हात त्यांना सहन होईना.

आता ॲप. किटसोबत कंपनीचं ॲप येतं. त्यात मोबाइल नंबर, ओटीपी, पत्ता, कितवी लस झाली हे सगळं भरायचं, पट्टीवरचा कोड स्कॅन करायचा आणि शेवटी पट्टीचा फोटो काढायचा. ती माहिती आयसीएमआरकडे, म्हणजे देशाच्या वैद्यकीय संशोधन परिषदेकडे, जायची, आणि जायलाच हवी, नाहीतर शहरात किती आजारी आहेत ते कळणार कसं? पण आमच्या ॲपने ट्यूबलाइटच्या उजेडात फोटो ओळखायलाच नकार दिला. पंधरा मिनिटं झाल्यावर पट्टी घेऊन गच्चीत पळावं लागलं. थोरल्या मावशींकडे साधा बटणांचा फोन आहे, त्यांच्यासाठी माझ्या नंबरावरून भरलं. ज्यांच्या घरी असं करून देणारं कुणी नाही त्यांची टेस्ट कुठेच नोंदली जात नाही. आमच्या वस्तीत बहुतेकांची अशीच झाली असणार. वापरलेलं सामान त्याच पिशवीत घालून, तोंड बांधून, वर पेनने लिहून कचरा नेणाऱ्या ताईंच्या हातात वेगळं द्या, ओल्या-सुक्यात मिसळू नका. त्या बाया हातानं कचरा निवडतात.

किटवर विश्वास किती ठेवायचा, ह्यावर आमच्या गल्लीत दोन पक्ष आहेत. एक म्हणतो सगळं बोगस. दुसरा एक रेघ आली की लगेच लग्नाला निघतो. दोघंही चुकतात. ह्या जातीच्या टेस्टला, म्हणजे रॅपिड अँटिजेनला, आयसीएमआरने जून 2020 मध्ये पहिली परवानगी दिली तेव्हाच आकडे छापले होते. त्या कोरियन कंपनीच्या किटने आजार नसलेल्यांना बरोबर 'नाही' म्हटलं ते 99.3 ते 100 टक्के वेळा, पण आजार असलेल्यांना पकडलं ते 50.6 ते 84 टक्केच. ते किट लॅबमधल्यांच्या हातचं होतं, घरी स्टुलावर बसून करायचं नव्हतं. अर्थ सरळ आहे. दोन रेघा आल्या तर वाद घालू नका, तुम्ही पॉझिटिव्ह आहात, पुन्हा टेस्ट नको. एक रेघ आली आणि घसा दुखतोय, अंग मोडून आलंय, तर ती रेघ विसरा आणि आरटीपीसीआर, म्हणजे लॅबमधली टेस्ट, करा. आयसीएमआरचा तेव्हाचा नियमही हाच होता.

धाकट्या मावशींचं अगदी तसंच झालं. संक्रांतीच्या आदल्या दिवशी, गुळाच्या पोळ्यांच्या ऑर्डरी डोक्यावर असताना, त्यांचा घसा बसला. किट केलं, एक रेघ. त्या आनंदाने पोळपाटाकडे वळल्या. मी म्हटलं, "मावशी, तुम्ही घरी." तर त्या चिडल्या. "निगेटिव्ह आलंय ना? मग कशाला?" खरा राग कशाचा होता ते मला माहीत होतं. आमच्याकडे रोज चारशे रुपये मिळतात. टेस्ट पॉझिटिव्ह आली तर सात दिवस घरी, म्हणजे 2800 गेले.

केमिस्टदादांचं म्हणणं मला तिथे पटलं. किटची किंमत 250 आहे हे खोक्यावर छापलंय, खाड्याचे 2800 छापलेले नाहीत. हातावर पोट असलेल्या माणसाला टेस्ट 3050 रुपयांना पडते, आणि ती सुद्धा पॉझिटिव्ह यायची भीती घेऊन. मग तो टेस्ट कशाला शोधेल? दुकानात खोकी रचून ठेवा, केंद्रावर फुकट करा, तो येणारच नाही. त्या दिवशी मी सांगितलं की सात दिवसांचे पैसे आमचं पोळीभाजी केंद्र देईल, रिपोर्ट काहीही येवो. मावशी दहा मिनिटांत चप्पल घालून तयार. थोरल्या मावशींनी त्याच संध्याकाळी आपण होऊन सांगितलं की त्यांचं नाक कालपासून वाहतंय.

गुळाच्या पोळ्या मी आणि नवऱ्याने केल्या. त्याबद्दल गिऱ्हाइकांनी काही बोलू नये.

धाकट्या मावशी महापालिकेच्या केंद्रावर गेल्या, मी सोबत. पैसे एक रुपया लागत नव्हता. आधार कार्ड आणि चालू असलेला मोबाइल नंबर लागायचा, कारण रिपोर्ट त्यावरच यायचा. सकाळी लवकर गेलेलं बरं होतं. आम्ही उशिरा पोचलो आणि मंडपाची सावली जिथे संपते तिथून रांग सुरू होती. ताप असलेली माणसं, कडेवर पोरं, आणि रांगेत सगळे एकमेकांना खेटून. आजार नसलेल्याला तिथे मिळायचा. स्वॅब घेणारी मुलगी मात्र फार चांगली. त्या पांढऱ्या पोशाखात घामाघूम, आणि तरी प्रत्येकाला सांगत होती, "मावशी, वर बघा, दहा म्हणा." दहा म्हणायच्या आत काडी बाहेर. तिला दहातले दहा. रिपोर्ट दुसऱ्या दिवशी रात्री आला, पॉझिटिव्ह. किटने निगेटिव्ह म्हटलेल्या बाईचा.

दोन टेस्टमध्ये फरक कसला, हे मावशींना घरी फोनवरून सांगितलं ते इथेही लिहिते. किट नाकातल्या द्रवात विषाणूचं प्रथिन शोधतं. जितकं आहे तितक्यातच. आरटीपीसीआर विषाणूच्या आरएनएचा डीएनए बनवते आणि मशिनमध्ये त्याच्या प्रती दुप्पट, पुन्हा दुप्पट करत जाते. चमचाभर विरजणाचं पातेलंभर दही होतं, मग ते कुणालाही दिसतं. आजार नुकता सुरू होतोय तेव्हा थेंबात फारसं काही नसतं, म्हणून किट चुकतं आणि मशीन पकडतं. पण ह्याची दुसरी बाजू लोक विसरतात. बरं झाल्यावरही विषाणूचे मेलेले तुकडे कित्येक दिवस नाकात राहतात आणि मशीन ते सुद्धा वाढवून दाखवतं. म्हणून कामावर परत यायला आरटीपीसीआर निगेटिव्ह मागणं हा शुद्ध छळ आहे. केंद्र सरकारच्या 5 जानेवारी 2022 च्या सूचना स्पष्ट होत्या: टेस्टपासून सात दिवस, त्यात शेवटचे सलग तीन दिवस ताप नाही, की संपलं, पुन्हा टेस्टची गरज नाही. आमच्या एका गिऱ्हाईक काकांनी तरी हट्ट धरला, "त्या बाईंचा निगेटिव्ह रिपोर्ट दाखवा, मगच डबा." त्यांना सूचनांचा कागद मोबाइलवर पाठवला. त्यांनी डबा बंद केला. चालायचंच.

उरली खासगी लॅब. सासूबाईंना रांगेत उभं करणं शक्य नव्हतं आणि मावशी पॉझिटिव्ह आल्यावर त्या जवळच्या संपर्कातल्या, वय आणि मधुमेह दोन्ही असलेल्या. आयसीएमआरच्या 10 जानेवारीच्या यादीप्रमाणे लक्षणं नसलेल्या संपर्कातल्यांना टेस्टची गरज नव्हती, पण त्यांच्यासारख्यांना होती. म्हणून लॅबचा माणूस घरी बोलावला. राज्य सरकारने डिसेंबर 2021 पासून दर ठरवून दिले होते: त्यांच्या केंद्रावर जाऊन 350, रुग्णालयात किंवा विलगीकरण केंद्रात 500, घरी येऊन 700. फोनवर मला 700 सांगितले. दारात आल्यावर पीपीईचे, म्हणजे अंगभर घालायच्या त्या पोशाखाचे, वेगळे शंभर. मी दराची बातमी दाखवली तर मुलगा खालमानेनं म्हणाला, "मॅडम, मला ऑफिसने सांगितलंय." त्याच्याशी भांडून काय करणार, वीस-बावीस वर्षांचा पोरगा, स्कूटरवर बर्फाचा डबा बांधून दिवसभर आजारी घरांत फिरतोय. शंभर दिले नाहीत, ऑफिसला फोन करून तिथे भांडले, आणि त्याला ताक दिलं. ते त्याने जिन्यात जाऊन प्यायलं. रिपोर्ट 24 तासांत म्हणाले होते, दोन दिवस घेतले. तेवढ्या वेळात सासूबाई आतल्या खोलीत एकट्या आणि घरभर त्यांची तक्रार, की काडी मेंदूपर्यंत घातली. रिपोर्ट निगेटिव्ह आला. घरी येऊन टेस्ट करण्यातली सोय खरी आहे, पण पैसे देताना दराचा आकडा तोंडपाठ असू द्या.

दरांवरून आठवलं. मार्च 2020 मध्ये खासगी लॅबमध्ये हीच आरटीपीसीआर 4500 पर्यंत होती. राज्याने जूनमध्ये ती 2200 वर आणली, घरी येऊन करायची तर 2800. म्हणजे धाकट्या मावशींचा सात दिवसांचा पगार, जसाच्या तसा. ऑक्टोबरमध्ये 980, मार्च 2021 मध्ये 500, डिसेंबर 2021 मध्ये 350. ह्यात पुण्याचा हात आहे आणि ते सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. राज्यातले पहिले रुग्ण 9 मार्च 2020 ला इथेच सापडले, दुबईहून आलेलं जोडपं. तेव्हा टेस्टची किटं परदेशातून येत होती. त्याच महिन्यात मायलॅब ह्या पुण्याच्या कंपनीच्या आरटीपीसीआर किटला मान्यता मिळाली, देशातल्या कंपनीचं ते पहिलं. ते बनवणाऱ्या गटाच्या प्रमुख मीनल डाखवे-भोसले पूर्ण दिवसांच्या गरोदर होत्या. एनआयव्हीकडे, म्हणजे पुण्यातल्या राष्ट्रीय विषाणू संस्थेकडे, किट तपासणीला दिलं आणि दुसऱ्या दिवशी त्यांना मुलगी झाली. घरी करायच्या किटला आयसीएमआरने 19 मे 2021 ला मान्यता दिली तेही पहिलं त्यांचंच, कोविसेल्फ, 250 रुपयांना. नंतर मेरिल, ॲबट अशा कंपन्यांची आली.

प्रवासासाठी किट चालत नव्हतं, हे विचारणारे बरेच भेटले म्हणून सांगते. आमचं एक गिऱ्हाईक बेळगावला निघालं होतं. कर्नाटक तेव्हा महाराष्ट्रातून येणाऱ्यांकडे 72 तासांच्या आतला आरटीपीसीआर मागत होतं, आणि निपाणीच्या अलीकडे कोगनोळीच्या नाक्यावर गाड्या परत पाठवत होते. ॲपमधला निकाल दाखवून तिथे उपयोग नव्हता. रिपोर्टवर लॅबचं नाव, कोड, तारीख-वेळ लागायची. आणि स्वॅब दिल्यापासून तास मोजायचे, रिपोर्ट हातात आल्यापासून नाही. दोन दिवस रिपोर्टलाच गेले तर हातात एकच दिवस उरायचा.

गुण द्यायचे तर किटला पाचातले साडेतीन. अर्धा ॲपसाठी कापला, एक निगेटिव्हच्या खोट्या दिलाशासाठी. महापालिकेच्या केंद्राला चार, रांगेला सावली नाही म्हणून पाच नाहीत. लॅबला अडीच, आणि ते त्या पोराचे.

सध्या केंद्रात कपाटात किटं ठेवलेली असतात, किल्ली थोरल्या मावशींकडे. मला विचारावं लागत नाही. हिशेबाच्या वहीत किटचे पैसे आणि आजारपणाचे पगार एकाच पानावर लिहिते. हिशेब जमावा म्हणून महिन्याच्या डब्याचा दर 1 मार्च 2022 पासून शंभर रुपयांनी वाढवला आहे. ज्या गिऱ्हाइकांना तो जास्त वाटतो त्यांनी आधी मला फोन करावा, पोचवणाऱ्या मुलाशी दारात वाद घालू नये.